राजाचा मत्स्यविनोद आणि भोयाचा गळ

आमच्या घरात मासा शिजत नाही. भालकी तालुक्यातील आमच्या घराण्याचा हा रिवाज किती पिढ्यांचा आहे, हे आम्हांस सांगता येणार नाही. परंतु त्याचा एक परिणाम मात्र निश्चित झाला. कारंजा नदीपासून दोन कोसांवर जन्म काढूनही त्या नदीत कोणते मासे राहतात, हे वयाची पासष्टी ओलांडेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेख मासेमारीविषयी आहे हे पाहून मंडळाचे काही जुने सभासद भुवया उंचावतील. त्यांना आमची विनंती एवढीच की, लेख शेवटपर्यंत वाचावा. विषय माशांचा असला तरी तो आपल्या या सरहद्दीवरील प्रदेशाच्या इतिहासाशी जोडलेला आहे, आणि आपल्यासारख्या लिहित्यावाचत्या घराण्यांच्या एका उणिवेशीही.

प्रसंग असा घडला. आमचे एक पुतणे नोकरीनिमित्त जपानमध्ये असतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीस ते गावी आले, तेव्हा सामानात एक काठी घेऊन आले. मिटवली की हातभर लांबीची आणि एकात एक बसवलेल्या नळ्या ओढून उघडली की जवळजवळ आठ हात लांब होणारी ती काठी इतकी हलकी होती की, प्रथम आम्हांस ती एखादे शोभेचे खेळणे वाटली. 'ही तेनकाराची काठी आहे, काका,' असे पुतण्यांनी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी आम्हांस कारंजाकाठी चलण्याचा आग्रह केला. निवृत्त माणसाला नाही म्हणण्यास सबळ कारण नसते. आम्ही गेलो.

तेनकारा ही जपानच्या डोंगराळ भागातील मासे धरण्याची जुनी रीत आहे. तिच्यात साधने तीनच : काठी, दोरी आणि पिसांची माशी. पाश्चात्त्य पद्धतीच्या काठीला दोरी गुंडाळण्याची चकरी असते. तेनकाराच्या काठीला ती नसते. दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असते आणि तिची लांबी ठरलेली असते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आकडा, व त्या आकड्याभोवती दोरा आणि पीस गुंडाळून केलेली खोटी माशी. जपानी भाषेत तिला केबारी म्हणतात. खळाळत्या थंड ओढ्यात ही माशी अलगद टाकायची, प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, आणि खरा कीटक समजून मासा वर आला की मनगटाच्या एका झटक्याने त्यास ओढायचे. यामामे, अमागो, इवाना या जपानी डोंगरओढ्यांतील माशांसाठी ही रीत घडली. ती राजेरजवाड्यांची किंवा हौशी श्रीमंतांची नव्हती. डोंगरातील लोक पोटासाठी मासे धरीत आणि उष्ण पाण्याच्या कुंडांजवळील पांथस्थांच्या खानावळींना विकीत. पूर्वी काठी बांबूची असे; आता ती कार्बनच्या तंतूंची असते. तेनकारा या शब्दाची व्युत्पत्ती जपानी अभ्यासकांनाही निश्चित लावता आलेली नाही. कारण ज्यांची ही विद्या, त्यांनी ती लिहून ठेवली नाही. बापाने मुलाला ओढ्याकाठी उभे करून शिकवली, एवढीच तिची पोथी. २००९ साली डॅनियल गल्हार्दो या गृहस्थांनी अमेरिकेत या साधनांची विक्री सुरू केली, आणि डोंगरातील ही रीत पाहता पाहता जगभर पसरली.

आमच्या पहिल्या दिवसाची हकीगत सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो. धरणाच्या खालच्या अंगाला, जेथे पाणी खडकांवरून थोडे वाहते आणि पुढे डोहात शिरते, तेथे आम्ही उभे राहिलो. पुतण्यांनी टाकलेली माशी पाण्यावर पडली. आम्ही टाकलेली वेड्या बाभळीत अडकली. ती सोडवताना सदऱ्याची बाही फाटली. दुसऱ्यांदा ती आमच्याच टोपीत रुतली. दोन तास उलटले, मासा कोणासच मिळाला नाही. जपानच्या ओढ्यात पाणी आरशासारखे असते. आमच्या नद्या पावसाळ्यात गढूळ असतात, आणि दिवाळीनंतर पाणी निवळते तेव्हा धारही मंदावते. चार महिने वाहायचे आणि आठ महिने डोहांत साचून राहायचे, हा आमच्या दख्खनी नद्यांचा स्वभाव. डोंगरओढ्यासाठी घडलेली रीत येथे अवघडली, यात नवल नव्हते.

हा सारा प्रकार पलीकडच्या खडकावर बसून एक वृद्ध भोई पाहत होते. त्यांच्या हातीही काठी होती : साधी, वाळलेल्या बांबूची. शेंड्याला बांधलेली दोरी, दोरीवर तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, खाली गळ आणि गळाला गांडूळ. दोरी ठरलेल्या लांबीची, चकरी नाही. आम्ही त्या काठीकडे पाहिले, मग पुतण्यांच्या हातातील काठीकडे पाहिले. पिसांची माशी सोडली तर दोहोंत तत्त्वाचा काहीच फरक नव्हता. जपानहून सात हजार रुपयांची जी वस्तू घरी आली होती, तिची चुलतबहीण समोरच्या खडकावर फुकट बसली होती.

तिसऱ्या दिवशी, सूर्य कलताना, आमच्या माशीला एक मासा लागला. चार बोटे लांब, चांदीसारखा चकाकणारा. पुतण्यांच्या आकड्याला अडकवणारे उलटे टोक नव्हते, त्यामुळे मासा सहज सुटला आणि त्यांनी तो पाण्यात सोडून दिला. ते पाहून वृद्ध भोई उठून जवळ आले आणि त्यांनी अतिशय सरळपणे विचारले, "खायचं नाही तर मंग धरायचं कशाला, साहेब?"

या प्रश्नास आम्ही तेथे उत्तर देऊ शकलो नाही. मात्र घरी परतल्यावर एक जुनी आठवण जागी झाली. मासा खाण्यासाठी नव्हे तर विनोदासाठी, म्हणजे मन रमवण्यासाठी धरावा, असे कोणीतरी याच प्रदेशात पूर्वी लिहून ठेवले आहे, असे आम्ही महाविद्यालयात इतिहास शिकत असताना ऐकले होते. शोध घेता ते स्थळ आमच्या गावापासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर निघाले. ते म्हणजे बसवकल्याण, चालुक्यांची कल्याणी.

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात कागिना नदीकाठी असलेले मळखेड. तेथून पुढे चालुक्यांनी आपली राजधानी कल्याणीस हलवली, ती अकराव्या शतकाच्या मध्यास, पहिल्या सोमेश्वराच्या कारकिर्दीत. त्याचा पुत्र सहावा विक्रमादित्य याने १०७६ ते ११२६ असे अर्धशतक राज्य केले. याच्याच आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, जिच्या आधारे पुढे शतकानुशतके आपल्या घराण्यांचे वारसाहक्काचे व वाटणीचे तंटे सुटले. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल. त्याला सर्वज्ञचक्रवर्ती असेही म्हणत. त्याचे राज्य अवघे बारा वर्षांचे, ११३८ पर्यंतचे. रणांगणावर त्याची कीर्ती फारशी नाही. त्याची कीर्ती आहे ती 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणि' या ग्रंथामुळे. ११२९ ते ११३१ या सुमारास सिद्ध झालेला हा संस्कृत ग्रंथ पाच विंशतींचा असून प्रत्येक विंशतीत वीस अध्याय आहेत. राज्य कसे मिळवावे, ते कसे स्थिर करावे, उपभोग कोणते घ्यावेत, विनोद कोणते करावेत आणि क्रीडा कोणत्या खेळाव्यात, असा त्याचा क्रम आहे. हत्ती, घोडे, मल्ल, शिकार, गीत, नृत्य, कथा यांच्या पंक्तीत चौथ्या विंशतीत एक अध्याय आहे 'मत्स्यविनोद'. गळाने मासे धरण्याच्या कलेवरील हा अध्याय आहे.

मराठी वाचकांस हा ग्रंथ दुसऱ्या एका कारणाने परिचित असतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे, आणि ओवीचा इतिहास सांगताना आपले वाङ्मयेतिहासकार त्याचा हमखास हवाला देतात. म्हणजे ज्या राजाने आपल्या आजीपणजीच्या ओवीची दखल घेतली, त्यानेच माशांचीही घेतली. ओवीची नोंद आम्ही जपून ठेवली. माशांची नोंद आमच्या लक्षातही राहिली नाही.

हा ग्रंथ छापून बाहेर आला तोही मराठी हातांनी. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली प्रसिद्ध झाला. मत्स्यविनोदाचे मोल मात्र प्रथम ओळखले ते एका मत्स्यशास्त्रज्ञाने. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या अध्यायावर लेख लिहिला आणि बाराव्या शतकातील कल्याणीत गळाच्या मासेमारीचे पद्धतशीर शास्त्र होते, हे विद्वानांच्या नजरेस आणून दिले. इंग्लंडात या विषयावरील पहिली छापील पुस्तिका निघाली १४९६ साली आणि आयझॅक वॉल्टनचा जगप्रसिद्ध ग्रंथ आला १६५३ साली. त्या पहिल्या पुस्तिकेच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधी हा विषय आपल्या शेजारी लिहिला गेला होता, ही गोष्ट बीदरच्या किती शाळांत सांगितली जाते?

अध्यायात काय आहे? पस्तीसच्या आसपास माशांची वर्णने आहेत. त्यांची विभागणी आधी ते समुद्रात राहतात की नदीत यावरून केली आहे, मग अंगावर खवले आहेत की नुसती कातडी यावरून, आणि मग आकारमानावरून. आज प्राणिशास्त्राचा विद्यार्थी ज्या रीतीने विचार करतो, त्या रीतीचीच ही सुरुवात आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, कणीक, पेंड, भात यांचे गोळे कोणास द्यावेत आणि मांस कोणास, हे सांगितले आहे. मासे आधी रोज खाऊ घालून एका जागी यावयास शिकवावेत, त्यांना धीट करावे आणि मग गळ टाकावा, ही युक्ती आहे. काठी, दोरी, आकडा यांविषयी सूचना आहेत. हे सारे वाचताना वाचकाच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही. राजवाड्यात बसून हे ज्ञान होत नसते. कोणता मासा कोणत्या महिन्यात कोठे असतो आणि काय खातो, हे जाणण्यास नदीत कमरेएवढ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहावे लागते. राजाने किंवा त्याच्या पंडितांनी कोणाला तरी विचारले असले पाहिजे. ज्यांना विचारले त्यांची नावे ग्रंथात नाहीत. त्यांचे ज्ञान तेवढे आहे, सुबक संस्कृत श्लोकांत.

सोमेश्वराच्या पश्चात एका पिढीने याच कल्याणीत चमत्कार वाटावा अशी गोष्ट घडली. कलचुरी बिज्जळाच्या काळात बसवेश्वरांभोवती शरण मंडळी जमली, आणि त्यांत अंबिगर चौडय्या होते. अंबिग म्हणजे नावाडी. ज्यांची विद्या श्लोकांत बांधली गेली पण नाव गाळले गेले, त्यांच्याच जातकुळीचा माणूस स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कन्नड भाषेत, स्वतःच्या नावाने वचने सांगू लागला. ती परखड वचने आजही कन्नड घरांत म्हटली जातात. राजाचा ग्रंथ पोथीत राहिला, नावाड्याचे वचन तोंडी राहिले. आम्ही मराठी मंडळी चौडय्यांना कन्नडांचे म्हणून आणि सोमेश्वराला संस्कृताचा म्हणून बाजूस ठेवतो. पण आपण ज्या मातीत चारशे-पाचशे वर्षे मुरलो, तिचा इतिहास भाषेच्या हिशेबाने असा वाटून घेता येत नाही.

आता मुद्द्याची दुसरी बाजू. मराठी भोयांचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही काय? ठेवले, परंतु ते ठेवणारा परका होता. मुंबई सरकारच्या चाकरीतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८२४ पासून काही वर्षे दख्खनची सांख्यिकी पाहणी केली. त्या फिरतीत भीमेच्या खोऱ्यातील, विशेषतः पुण्याच्या आसपासच्या नद्यांतील मासे त्याने गोळा केले आणि १८३९ ते १८४१ या काळात लंडनमध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्याने एक मोठी गोष्ट केली. नव्या माशांना नावे देताना अनेकदा स्थानिक लोकांच्या तोंडचे नावच त्याने शास्त्रीय नाव म्हणून वापरले. खुद्री, कोलस, पोटेल, बालूकी, टाकरी, गूंगवारी ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. इंग्रजी लिपीतून फिरून आल्यामुळे त्यांचे उच्चार थोडे वाकडे झाले असतील; पण ती मुळात आपल्या नदीकाठच्या मासेमाऱ्यांची नावे आहेत. दख्खनचा प्रसिद्ध महाशीर मासा सबंध जगात 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो. लंडन व टोकियो येथील विद्वान जो शब्द जाणतात, तो भालकीच्या इतिहासाच्या पदवीधरास ठाऊक नसावा, याची आम्हांस लाज वाटली.

साइक्सप्रमाणेच आणखी एक साहेब आठवतात. मद्रास मुलकी सेवेतील एच. एस. थॉमस हे दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी भारतातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला आणि तो १८७३ साली मंगळूरला छापला गेला. या साहेबांना हौस होती आणि सत्ताही होती, हे खरे. पण त्यांनी विचारले आणि लिहून ठेवले, हेही खरे. आम्हीही मुलकी खात्यातच होतो.

येथे आमचा स्वतःचा कबुलीजबाब द्यावा लागतो. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत आमच्या टेबलावरून तलावांच्या मासेमारीच्या लिलावाची कितीतरी प्रकरणे गेली. मत्स्यबीज सोडल्याचे अहवाल आम्ही वाचले, त्यांवर सह्या केल्या. कटला, रोहू, मृगळ एवढे तीन शब्द आम्हांस पाठ होते, आणि नदीतील मासे म्हणजे हेच तीन, अशी आमची समजूत होती. वस्तुतः हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी यांनी कटक येथे माशांना अंतःस्रावाचे इंजेक्शन देऊन कृत्रिम रीतीने प्रजनन घडवण्यात यश मिळवले; १० जुलै हा दिवस त्यामुळेच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधाने देशात माशांचे उत्पादन वाढले आणि लाखो कुटुंबांना रोजगार मिळाला, त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याबरोबरच दख्खनच्या प्रत्येक तलावात तेच तीन मासे आले, मूळचा आफ्रिकेतला आणि १९५२ साली देशात आणलेला तिलापियाही पसरला, आणि नदीच्या मूळच्या रहिवाशांची गणती कोणत्याही रकान्यात उरली नाही. अहवालात 'इतर' असा एक रकाना असे. साइक्सने ज्यांना नावे दिली, ते सारे आम्ही 'इतर'मध्ये घालत आलो.

नद्याही पूर्वीच्या राहिल्या नाहीत. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. खाली कलबुर्गी जिल्ह्यातही बंधारे आले. कारंजावर ब्याळहळ्ळीजवळ धरण झाले. शेतीला व गावांना पाणी मिळाले, हा लाभ लहान नाही. परंतु पावसाळ्याच्या पहिल्या पुरात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांच्या वाटा बंद झाल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले. माणसांना आगगाडीने पाणी मिळाले. डोहातल्या माशांचे काय झाले, हे त्या वेळी कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

आणि तरीही विद्या गेली नाही. ही गोष्ट आम्हांस त्या वृद्ध भोयांमुळे कळली. पुतणे जपानला परतल्यावर आम्ही एक वही घेऊन नदीवर जाऊ लागलो. प्रथम त्यांना वाटले, साहेब पुन्हा कसला तरी पंचनामा करीत आहेत. हळूहळू ते बोलू लागले. मरळ डोहाच्या कडेला गवतात पिलांवर राखण करीत बसते, त्या दिवसांत तिला धरू नये. वाम दगडांच्या कपारीत असते, रात्री निघते. शिवडा लबाड आणि खादाड, शिंगाळ्याचा काटा लागला तर हात दोन दिवस ठणकतो. आभाळ भरून आले आणि वारा पडला की छोटे चंदेरी मासे पाण्याच्या अंगावर येतात. तुमच्या पिसाच्या माशीची वेळ ती, असे त्यांनी सांगितले, आणि ते अक्षरशः खरे ठरले. त्या एका संध्याकाळी आम्हांस सात मासे लागले. मरळीला पूर्वेकडच्या तेलुगू गावांत कोर्रमीनू म्हणतात आणि वामेला कन्नड मंडळी हावुमीनु, म्हणजे सापमासा, म्हणतात, हेही त्यांनीच सांगितले. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले. भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले, उदगीर, निलंगा तिकडे गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. त्या वाटणीने आपली घरे, सोयरिकी, दाखले सारे तुटले. नदीकाठच्या या निरक्षर माणसाच्या तोंडी मात्र जुना अखंड जिल्हा तिन्ही भाषांसह अजून नांदत होता.

सोमेश्वराचा अध्याय, तेनकारा आणि कारंजाकाठचा गळ या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे आम्हांस एक विचार सुचतो. जपानमध्ये विद्या हातात राहिली. ग्रंथ नसतानाही ती टिकली, कारण ज्यांच्या हाती ती होती त्यांच्याकडे जाऊन उशिरा का होईना शिकणारे लोक निघाले. आपल्याकडे उलट झाले. ग्रंथ होता, तोही राजाचा, आठ-नऊ शतके जपलेला. विद्याही हातात होती आणि अजून आहे. पण या दोहोंमध्ये ये-जा करणारा कोणी उरला नाही. ते काम कोणाचे होते? देशपांडे, कुलकर्णी, पटवारी, पुढे मास्तर आणि अंमलदार, म्हणजे गावात ज्यांच्या हाती दौत-लेखणी होती त्यांचे. आमच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिक्षण घेतले, आम्ही कन्नडातून कचेरी चालवली, घरी मराठी पोथ्या वाचल्या. तीन लिपी येत असूनही नदीची चार अक्षरे आमच्या घरात कोणी लिहिली नाहीत. मासा खात नाही, म्हणून त्याचे नाव जाणण्याचे कारण नाही, असे आम्ही धरून चाललो. भोयांशी बोलावयाचे ते पालखीच्या किंवा पाण्याच्या कामापुरते. रिवाज पाळण्यात दोष नसेल. पण रिवाजाच्या आडोशाने अज्ञान जोपासले, हा दोष आमचाच.

२०१९ साली आपल्या या भागाचे नाव हैदराबाद-कर्नाटक जाऊन कल्याण कर्नाटक झाले. राजधानीचे नाव परत आले, याचा आनंदच आहे. नावाबरोबर त्या नगरीतील कुतूहलही परत यावे. ज्या राजाने हत्तीघोड्यांच्या शेजारी माशांना जागा दिली आणि दरबाराच्या गीतांबरोबर कांडणाऱ्या बायकांची ओवीही ऐकली, त्याचे मोठेपण पदव्यांत शोधू नये. त्याने काय काय विचारले, त्यात ते आहे.

मंडळाच्या सभासदांस एक विनंती करून हा लेख संपवतो. आपल्यापैकी पुष्कळांची घरे मांजरा, कारंजा, मुल्लामारी, कागिना, बेण्णेतोरा, भीमा यांपैकी एखाद्या नदीच्या आसपास आहेत. गाणगापूरच्या संगमावर तर आपण दरसाल स्नानास जातो. पुढच्या खेपेस तेथील नावाड्याला, मासेमाऱ्याला माशांची नावे विचारावीत, जाळ्यांचे आणि गळांचे शब्द विचारावेत, आणि जसे ऐकले तसे लिहून वार्तापत्राकडे पाठवावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. आमच्या वहीत आजवर तेवीस नावे जमली आहेत. त्यांपैकी सहांचा मासा आम्ही अद्याप पाहिलेला नाही, आणि वृद्ध भोई म्हणतात की, त्यांनीही तो पुष्कळ वर्षांत पाहिलेला नाही.

जपानी काठी सध्या त्यांच्या नातवाकडे आहे. परवा भेटला तेव्हा तो सांगत होता, काठी फारच छान आहे, फक्त ती पिसाची माशी काढून टाकली आणि गांडूळ लावले. त्याच्या आजोबांनी आम्हांस विचारलेला प्रश्न मात्र अजून तसाच आहे. खायचा नाही तर मासा धरायचा कशाला? भूलोकमल्ल सोमेश्वराने यास विनोद असे उत्तर दिले असते. आम्ही हल्ली काठी घरीच ठेवतो आणि वही घेऊन जातो. तेवढेच उत्तर आम्हांस सुचले आहे.